अम्मीची चार बटणं

आमच्या लातूरच्या घरात लॅपटॉप एक आणि त्यावर हक्क सांगणारे पाच. सकाळी शाळेला जाण्याआधी मला तो हवा असतो, कारण पोर्टलवर भरायची माहिती रोज काही ना काही निघतेच. दुपारनंतर तो लेकीचा. ती ‘नीट’ची तयारी करते, आणि औसा रोडच्या शिकवण्यांवरून घरी आल्यावरही तिची लेक्चरं आणि टेस्ट चालूच असतात. लातूर पॅटर्नच्या घरात त्या वेळी पापड भाजतानाही आवाज करायचा नाही. रात्री मुलाचा प्रोजेक्ट, त्यानंतर मुलांच्या अब्बांचा दुकानाचा हिशेब.

पाचवी दावेदार माझी अम्मी. ती कधी मागायची नाही. असरची नमाज झाली की काठी टेकत दारापर्यंत यायची आणि विचारायची, “खाली है क्या वो?” लेक मान हलवायची. अम्मी म्हणायची, “नक्को बेटा, पढ. मैं बाद में सुनती.” ते ‘बाद में’ बहुतेक दिवशी यायचंच नाही.

तिला ऐकायच्या असत त्या माझ्या मरहूम अब्बांच्या कॅसेट. त्या मी लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवल्या होत्या. एका सत्तरीच्या बाईला आपल्याच नवऱ्याचा आवाज ऐकण्यासाठी नातीच्या दारात उभं राहावं लागतं, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. मी शिक्षिका आहे, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं मूल न बोलता काय मागतंय ते मला कळतं. घरातलं कळलं नाही.

अब्बा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते, मागांच्या खात्यात. मागांच्या खडखडाटात माणसं ओठांच्या हालचालीवरून एकमेकांचं बोलणं समजून घेत. असा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. अब्बांचंही तसंच झालं होतं. म्हणूनच की काय, घरी आल्यावर त्यांना आवाज भरदार आणि स्वच्छ हवा असे. १९८६ च्या बोनसमध्ये त्यांनी कोलकात्याच्या सोनोडाइन कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले होते. टेप-डेक मामूंनी जेद्दाहहून आणला होता. अम्मीला त्याच बोनसमध्ये शिलाई मशीन हवं होतं. ते दोन वर्षांनी आलं. ही तक्रार ती अजूनही करते.

देगलूर नाक्याजवळच्या आमच्या त्या दोन खोल्यांत जे वाजायचं, त्याची एक शिस्त होती. फजरनंतर मिसरचे कारी अब्दुल बासित यांची तिलावत. संध्याकाळी आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस. जुमेरातच्या रात्री हैदराबादचे अजीज अहमद खान वारसी यांची कव्वाली, कधी बेगम अख्तर. वारसींना १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मिलमध्ये अब्बांनी पेढे वाटले होते म्हणे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दादा सांगायचे की त्यांच्या तरुणपणी लोक हैदराबादचा डेक्कन रेडिओ ऐकत. १९५० मध्ये तो आकाशवाणीत सामील झाला, पण कान हैदराबादकडे वळलेले ते वळलेलेच राहिले. औरंगाबादच्या सिराजची गझल सरहद्दीपलीकडे आबिदा परवीन गातात, हे कळल्यावर अब्बांना केवढा अभिमान वाटला होता! जणू सिराज आमच्याच गल्लीत राहत होते.

अब्बा स्वतः नातही छान म्हणत. मीलादच्या मैफलीत, लग्नघरात, कंधारच्या उरुसाला गेल्यावर मुक्कामाच्या खोलीत कुणी ना कुणी ते रेकॉर्ड केलेलं असे. अशा अकरा कॅसेट होत्या. त्यांपैकी एक नातची नव्हती. ती पत्र होती.

ज्यांच्या घरचं कुणी त्या काळात आखातात होतं, त्यांना हे सांगायला नको. फोन महाग होता, आणि पत्र लिहायचं तर घरातल्या प्रत्येकाला लिहिता येत नसे. मग कोरी कॅसेट घ्यायची, सगळ्यांनी टेपभोवती बसून आपापलं बोलायचं आणि जेद्दाहला जाणाऱ्या कुणाबरोबर ती पाठवायची. तिकडून त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर उत्तर यायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मामूंना तिकडे बातम्यांत फक्त लातूर आणि मराठवाडा एवढंच ऐकू आलं होतं. अब्बांनी ऑक्टोबरमध्ये त्यांना एक कॅसेट पाठवली. कोण कसं आहे, कुणाचं घर पडलं, त्या रात्री आमच्या घरात काय झालं, सगळं अर्ध्या तासात सांगितलेलं. मामू कायमचे परत आले तेव्हा ती कॅसेट घेऊन आले.

२०१९ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. अम्मी नांदेडला भाईजानकडे होती. मग काचबिंदूने तिची नजर कमी होत गेली. इलाजासाठी आणि थोडी आमच्या लेकीच्या सोबतीला म्हणून ती लातूरला आली. तेव्हा मी त्या कॅसेट उतरवायला घेतल्या.

हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, घाईचा उपाय नाही. जुन्या डेकमधला रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो आधी बदलून घ्यावा, नाहीतर आवाज लडखडतो. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच घालू नये. ती डेकच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटही खराब करते. आणि उतरवून झाल्यावर फाइल एकाच जागी ठेवू नये. ही चौथी गोष्ट मला माहीत होती. मुलांना मी हेच सांगते. स्वतः मात्र केली नाही. अकरावी कॅसेट, भूकंपाची, उतरवून झाली आणि परत गुंडाळताना डेकने टेप ओढून चुरगाळली. तुटलेल्या टेपचा गुंता मी डब्यात ठेवला. फाइल तर आहे, म्हणून निश्चिंत राहिले. तीन महिन्यांनी लॅपटॉपची डिस्क टिकटिक वाजायला लागली आणि एक दिवस बंद पडली. बाकीच्या दहा कॅसेट पेन ड्राइव्हवर होत्या. ती नव्हती. दुरुस्तीवाल्याने हात वर केले.

मी अम्मीला हे सांगितलं नाही.

नवी डिस्क घातली, दहा कॅसेट परत लॅपटॉपवर आल्या. पण लॅपटॉपवर ऐकणं हे ऐकणं नव्हतंच. अब्बा हयात असताना एकदा त्यांना लॅपटॉपवर वारसींची कव्वाली लावून दिली होती. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले होते, “ये डब्बा बोलता, गाता नै.” लॅपटॉपचे स्पीकर नखाएवढे, त्यांतून ढोलकीची थाप कुठून निघणार? मी बाहेरचे स्पीकर जोडून पाहिले, तर चार्जर लावला की त्यांत घूं असा आवाज. नंतर कळलं, चार्जरची विजेची खळखळ आवाजाच्या तारेत उतरते, आणि घराच्या सॉकेटला अर्थिंग नीट नसेल तर जास्तच. शिवाय पंखा फिरत असतो. मध्येच मेल येतो, टिंग. मध्येच अपडेट, मग मशीन आपोआप बंद होऊन चालू.

हे सगळं सहन केलं. पण एका संध्याकाळी शेजारच्या आपा अम्मीला भेटायला आल्या होत्या. अम्मीने सूरह रहमान लावायला सांगितली. मी इंटरनेटवरून लावली. दोघी डोळे मिटून बसल्या. तिलावत संपली आणि श्वास घ्यायच्या आत स्क्रीनवर अशी जाहिरात सुरू झाली की मी धावत जाऊन झाकण आदळून बंद केलं. अम्मीला दिसलं नाही, पण ऐकू आलं. आपांनी चहाचा कप उचलला आणि आम्ही तिघीही त्यावर काही बोललो नाही. कुरआन पठण होत असेल तेव्हा लक्ष देऊन ऐका, शांत राहा, ही शिकवण सूरह अल-आराफमध्ये आहे. आम्ही शांत राहिलो होतो. मशीन राहिलं नाही.

त्या ईदला एक ब्लूटूथ स्पीकर आणून पाहिला. तो कामाचा नव्हता असं नाही, पण तो फोनला बांधलेला. मुलांच्या अब्बांचा फोन जोडला होता. ते दुकानाला निघाले की जिन्यापर्यंत नात चालायची आणि मग तुटायची. कुणाचा फोन आला तरी तुटायची. अम्मी हसून म्हणाली, “इसका दम तेरे मियां की जेब में है.”

मार्ग काढला भाईजानच्या मुलाने. तो नांदेडला पॉलिटेक्निकला आहे. सुट्टीत आला होता, दोन दिवस आजीला दारात उभी राहताना पाहिलं आणि मला म्हणाला, “फुप्पो, लॅपटॉप सुधारू नका. ऐकण्याचं काम त्याच्याकडून काढूनच घ्या.”

हे मला पटलं, कारण आमच्या शाळेत एकाच शिक्षकाला वर्ग, पोषण आहार, निवडणुकीचं काम आणि जनगणना देतात, तेव्हा चारांतलं कोणतं मन लावून होतं ते मला माहीत आहे.

त्याने सांगितलं, की फक्त संगीत आणि रेडिओ वाजवण्यासाठी वेगळी छोटी यंत्रं मिळतात, त्यांना स्ट्रीमर म्हणतात. पडदा नाही, कीबोर्ड नाही. घरच्या वायफायवरून किंवा पेन ड्राइव्हवरून ते स्वतःच आवाज घेतं आणि अ‍ॅम्प्लिफायरला देतं. फोन असला तर फक्त रिमोटसारखा. फोन बाहेर गेला तरी वाजणं थांबत नाही. तयार मिळतात, पण दिसत नसलेल्या माणसाला वापरता येईल असं आम्हाला हवं होतं. म्हणून त्याने स्वतःच बनवायचं ठरवलं. त्यासाठी रास्पबेरी पाय नावाचा एटीएम कार्डाएवढा संगणक घेतला. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या काही मंडळींनी २०१२ मध्ये तो बाजारात आणला, तो मुलांना स्वस्तात प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून. शिक्षिका असल्यामुळे ही गोष्ट मला फार आवडली.

त्यावर त्याने अजून एक छोटी पट्टी बसवली. तिचं काम समजून घेताना मला माझंच विज्ञान परत शिकावं लागलं. संगणकातलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये एका सेकंदाला, प्रत्येक बाजूच्या आवाजासाठी, ४४,१०० आकडे असतात. या आकड्यांची परत विजेची लहर करावी लागते. ती लहर अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकरचा पडदा हलवतो. आकड्यांची लहर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. लॅपटॉपमध्येही तो असतो, पण पंखा, प्रोसेसर, चार्जर यांच्या गर्दीत अंग चोरून बसलेला. इथे तो वेगळ्या पट्टीवर आहे आणि त्याला दुसरं काम नाही.

एक मात्र खरं सांगते, म्हणजे कुणी उगाच पैसे घालवणार नाही. असं यंत्र मूळ रेकॉर्डिंग सुधारत नाही. कॅसेटची सूं तशीच येते. पिळून लहान केलेली एमपीथ्री फाइल कितीही महागड्या डब्यातून वाजवली तरी गेलेले बारकावे परत येत नाहीत. आमच्याकडे जो मोठा फरक पडला, तो अर्धा घूं आवाज गेल्यामुळे आणि अर्धा अब्बांच्या जुन्या स्पीकरमुळे.

तो अ‍ॅम्प्लिफायर नांदेडच्या घरात पलंगाखाली पडून होता. भाच्याने तो इतवाऱ्यातल्या एका जुन्या रेडिओ मिस्त्रीला दाखवला. आतले वाळलेले कपॅसिटर बदलले, आवाजाच्या खुंटीतली खरखर साफ केली, स्पीकरच्या कडेचा कुजलेला फोम नवा बसवला. मग तो लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूरला आला. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या मांडीवर आणि स्पीकर शेजारच्या सीटवर, त्यांचंही तिकीट काढून. दुरुस्ती, यंत्र, तारा सगळं धरून खर्च दहा हजारांच्या आत आला.

आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि अशी यंत्रं अचानक बंद झाली की त्यातलं मेमरी कार्ड बिघडू शकतं. म्हणून त्याने कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. त्यावर काही लिहिलं जात नाही, म्हणून दिवे गेले तरी बिघडण्याची भीती फारच कमी. आणि पडद्याऐवजी त्याने इलेक्ट्रिकच्या दुकानातून दाराच्या बेलची चार बटणं आणली आणि एका प्लास्टिकच्या डब्यावर बसवली. प्रत्येकाशेजारी एम-सीलचे ठिपके लावले. एक, दोन, तीन, चार. बोट फिरवलं की कळावं.

पहिलं बटण तिलावतचं. दुसरं रेडिओचं, आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस आता इंटरनेटवरूनही ऐकू येते. तिसरं अब्बांच्या कॅसेटचं. चौथं वारसी, बेगम अख्तर आणि अब्बांच्या आवडीचं बाकी सगळं. तेच बटण परत दाबलं की बंद. आणि यादी संपली की शांतता. पुढचं आपोआप काही लागत नाही.

आता चौथ्या बटणाबद्दल.

माझा भाऊ दीनदार माणूस आहे. वाद्यांसह गाणं त्याला जायज वाटत नाही, आणि आपलं म्हणणं तो दलिलांसह मांडतो. समाच्या प्रश्नावर उलमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. इमाम गजालींनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये त्यावर वेगळं प्रकरण लिहिलं. आपल्या दक्षिणेत गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाजांची परंपरा समाची आहे. आणि वाद्यांना साफ मनाई मानणारेही मोठमोठे आलिम आहेत. मी मुफ्ती नाही, निकाल देणं माझं काम नाही. अब्बांच्या हयातीतही हा विषय निघाला की बाप-लेकांत दोन दिवस अबोला असायचा.

भाईजान लातूरला आला, त्याने डबा पाहिला. पहिली तीन बटणं ऐकली. चौथ्यावर बोट ठेवून मुलाला विचारलं, “हे तू केलंस?” पोरगं खाली पाहू लागलं. मी काही बोलणार तेवढ्यात अम्मी म्हणाली, “तेरे घर में तेरी मर्जी बेटा. ये बटन पे मेरी उंगली.” मग थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, “तू रहेगा तब नै दबाती.”

भाईजानने मत बदललं नाही, मीही त्याला बदलायला सांगितलं नाही. पण जेवताना तो म्हणाला, “मोबाइल आणि लॅपटॉपचं दार सताड उघडं असतं. कोण आत येईल ते आपल्या हातात नसतं. याला निदान कडी आहे.” त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. अम्मीनेही शब्द पाळला आहे. तो असतो तेव्हा चौथं बटण गप्प असतं.

डबा आल्यावर घरात जे बदललं ते मला अपेक्षित नव्हतं. लेकीला लॅपटॉप मिळाला आणि दाराशी येणारी काठी थांबली, हे तर होणारच होतं. पण अम्मीची झोप सुधारली. दुपारी ती कुणाला न विचारता रेडिओ लावते आणि संध्याकाळी आम्हाला बातम्या सांगते. पूर्वी लॅपटॉपवर काही लावलं की आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसायचो. आता बघायला काही नाही, म्हणून एकमेकांकडे बघतो. तिलावत चालू असताना बोलायचं नाही हा अम्मीचा नियम आहे. बोलायचं असेल तर आधी बटण दाबून बंद करा.

आणि जे व्हायला नको होतं तेही झालं. आता तिसरं बटण अम्मीच्या हातात होतं. ती ते रोज दाबायची, एकामागून एक सगळं ऐकायची. पंधरा दिवसांनी, मी वह्या तपासत असताना, तिने विचारलं, “बेटी, वो जलजले वाली कैसेट नै आती?”

इतके दिवस ती विचारत नव्हती, कारण ऐकायला मिळेल ते माझ्या सवडीने मिळायचं. दहा आहेत की अकरा, हे तिला कळायला वावच नव्हता. माझी चूक त्या लॅपटॉपच्या गर्दीत लपून राहिली होती. मी पेन खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. टेप कशी तुटली, फाइल कशी गेली, आणि वर्षभर मी का बोलले नाही.

अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तू छुपाई, ये बुरा करी.” मी माफी मागितली. ती उठून वुजूला गेली. मगरिब झाली, जेवणं झाली. इशानंतर तिने भाच्याला हाक मारली. त्या दिवशी तो आणि भाईजान दोघेही आमच्याकडे होते. “तेरे डब्बे में आवाज जाती क्या, या खाली बाहर आती?” भाचा म्हणाला, “फोनवर रेकॉर्ड करून आत घालता येईल, दादी.” ती म्हणाली, “मेरे को पूरी कैसेट याद है. मैं बोलती. पर फोन में नै रखना. किसी को भेजना नै. यही डब्बे में रहना.” भाच्याने कबूल केलं. आवाज डब्याच्या पेन ड्राइव्हवर घेतला आणि तिच्यासमोर फोनमधून पुसून टाकला. तिच्या परवानगीने अजून एक प्रत मी कपाटात ठेवली आहे, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. एवढं तरी शिकले.

तिने अब्बांचं ते पत्र सांगितलं. ते म्हणायचे तसं, मामूंना सलाम करून सुरुवात. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, सगळं शहर थकून झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमारास भांडी वाजली, पत्रा थरथरला. मिलमध्ये काही फुटलं असं अब्बांना वाटलं. सगळे बाहेर पळाले. पुढच्या कित्येक रात्री नांदेडमध्येही लोक रस्त्यावर बाजा टाकून झोपत. लातूरकडून येणाऱ्या बातम्या, किल्लारी, सास्तूर, हजारो माणसं गेल्याचे आकडे. आणि मध्येच अम्मीने अब्बांचं एक वाक्य सांगितलं, जे मी कॅसेट उतरवताना ऐकलं असणार, पण माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. सगळे पळाले तेव्हा दादी आत राहिली होती. सतरा वर्षांचा भाईजान परत आत गेला आणि तिला पाठीवर घेऊन आला. अब्बांनी मामूंना सांगितलं होतं की मी बाप असून दारात उभा राहिलो, माझे पाय हलले नाहीत, माझ्या मुलाचे हलले.

भाईजान भिंतीला टेकून बसला होता. अब्बांनी हे त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आमच्या अब्बांच्या पिढीत मुलाची तारीफ मुलाच्या तोंडावर करत नसत. त्यातून गाण्यावरून दोघांचं असं. ती त्यांनी समुद्रापलीकडे पाठवली होती, आणि ती कॅसेट परत येऊनही वीस-पंचवीस वर्षं ट्रंकेत पडून होती. मग मी ती उतरवली, आणि मीच हरवली.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी स्वयंपाकघरात होते. पुढच्या खोलीतून आधी काही नाती हळू आवाजात ऐकू आल्या, मग अम्मीचा आवाज, मामूंना सलाम करणारा. मला वाटलं अम्मीच ऐकतेय. चहा घेऊन गेले तर ती पलंगावर तस्बीह घेऊन बसली होती, आणि भाईजान डब्याशेजारी जमिनीवर, तीन ठिपक्यांवर बोट ठेवून. यादी संपली, शांतता झाली. त्याने बटण परत दाबलं.

सकाळच्या नांदेडच्या एसटीने तो निघणार होता. दुपारच्या एसटीने गेला.